प्रवास कसा झाला?

माझ्या १९८४ च्या डायरीत एका पानावर सात इंग्रजी शिव्या देवनागरीत लिहिलेल्या आहेत. वर लाल शाईत 'हवेत जाता कामा नयेत' अशी सूचना, आणि खाली त्याच पानावर दूध, अंडी, साबण. सातांतल्या दोनच मला माहीत होत्या. उरलेल्या पाचांचा अर्थ विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून त्या नुसत्याच पाठ केल्या. शाळेत संस्कृतची रूपं अशीच पाठ केली होती.

या शिव्यांचा सरकारी इतिहास मला नंतर कळला. १९७३ साली न्यूयॉर्कच्या एका रेडिओ स्टेशनने जॉर्ज कार्लिन या विनोदी कलाकाराचं या शब्दांवरचंच एक स्वगत भर दुपारी लावलं. एका गृहस्थाने तक्रार केली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. तेव्हापासून आमच्यासारख्या हौशी रेडिओवाल्यांना पहिल्या दिवशी हे सात शब्द शिकवले जात. आमच्या शिकवणाऱ्या मुलाने ते इतक्या सपाट आवाजात वाचले, की मला वाटलं सुट्या भागांची यादी वाचतोय.

मी बोस्टनला आले ती १९८३ च्या ऑगस्टमध्ये, एमएस करायला. घर मिरजेत, कॉलेज सांगलीचं वालचंद, वडील, म्हणजे अण्णा, एसटीच्या आगारात मेकॅनिक. रेडिओशी संबंध म्हणजे सकाळी सांगली आकाशवाणी आणि बुधवारी रात्री बिनाका. इथे माझी रूममेट एका स्टेशनवर आठवड्याला दोन तास जायची, मी तिच्याबरोबर थंडीतून सुटका म्हणून गेले आणि अडकले. स्टेशनचं नाव डब्ल्यूएमबीआर, ८८.१ एफएम. एमआयटीची वॉकर मेमोरियल म्हणून खांबांची भारदस्त इमारत आहे, तिच्या तळघरात. आधी स्टेशनची अक्षरं डब्ल्यूटीबीएस होती. टेड टर्नर नावाच्या उद्योगपतीला ती आपल्या टर्नर ब्रॉडकास्टिंग सिस्टिमसाठी हवी होती. त्याने ५०,००० डॉलर दिले, पोरांनी १९७९ मध्ये अक्षरं देऊन टाकली आणि त्या पैशातून नवं ट्रान्समीटर घेतलं. हे मी घरी लिहिलं तेव्हा अण्णांचं उत्तर आलं, की पोरं शहाणी आहेत, नावापेक्षा यंत्र महत्त्वाचं.

विद्यार्थी आणि आसपासचे लोक मिळून स्टेशन चालवत. पगार कुणालाच नाही. ताकद हजार वॉटच्याही आत, म्हणजे नदीकाठची गावं आणि बोस्टनचा काही भाग. पण या स्टेशनवर सत्तरच्या दशकापासून पंक वाजत होतं, 'लेट रायझर्स क्लब' हा सकाळचा कार्यक्रम त्यासाठी प्रसिद्ध होता. नवख्यांना मिळायची मध्यरात्रीनंतरची पाळी. मला शुक्रवारची मिळाली, रात्री दोन ते पाच.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मला त्या संगीतातलं काहीही आवडलं नाही. मी वाढले त्या गल्लीपासून सतारमेकर गल्ली हाकेच्या अंतरावर. तिथे माणसं अर्धा अर्धा तास तंबोऱ्याची एक जव्हारी घासत बसतात, आणि इथे त्या वेळात वीस गाणी संपत. हार्डकोअर म्हणून जो प्रकार होता त्यातलं गाणं मिनिटभराचं, कधी त्याहून कमी. हा माझ्या दृष्टीने रसिकतेचा प्रश्न नव्हता, हातांचा होता. तबकडीवर सुई ठेवायची, हाताने फिरवत पहिला सूर सापडला की तिथून अर्धा फेरा मागे घ्यायची, मग बटण दाबलं की गाणं वेळेवर सुरू होतं. हे सगळं करायला मला पन्नास सेकंद लागत. तोवर पलीकडचं गाणं खलास. रेडिओवर शांतता पसरली की पोटात जो खड्डा पडतो तो मी तीन महिने दर शुक्रवारी अनुभवला. बाथरूमला जायचं असेल तर आधी लांब गाणं शोधून ठेवावं लागे.

रेकॉर्डच्या पाकिटांवर आधीच्या लोकांनी पेनाने लिहिलेलं असायचं: 'दुसऱ्या बाजूचं तिसरं नको', 'पहिलं चालेल, शेवट तोडा'. त्यावरच माझी भिस्त, कारण गाणारे काय ओरडताहेत ते मला कळतच नसे. एकदा एका नव्या बँडची सात इंची रेकॉर्ड आली, पाकिटावर कुणाचं काही लिहिलेलं नाही. मी लावली. गाणं जड, संथ, विहिरीतून आल्यासारखं. मला पहिल्यांदाच काहीतरी मनापासून आवडलं आणि तसं मी माइकवर बोलले. फोन वाजला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, की तुम्ही आमची रेकॉर्ड ४५ ऐवजी ३३ वर लावलीय. मी माफी मागितली. तो म्हणाला, नको, बदलू नका, आम्ही सगळे ऐकतोय, बरं वाटतंय.

पुढच्या शुक्रवारी तो आणि त्याचे दोन मित्र तळघरात आले. मला भेटलेला हा पहिला पंक बँड. मला भीती होती ती काटे, साखळ्या, थुंकणं याची. आले ते तिघंही विशीच्या आतले, एकाच्या हातात आईने दिलेला डबा. नावं मी कुणाचीच लिहीत नाही. यातल्या बहुतेकांनी नंतर नोकऱ्या धरल्या, मुलाबाळांचे झाले, त्यांच्या चौदा ओळींच्या कीर्तीला मी आता धक्का लावत नाही.

मुलाखतीसाठी मी अकरा प्रश्न काढले होते, सगळे आकाशवाणी पद्धतीचे. आपण या क्षेत्राकडे कसे वळलात? आपल्यावर कोणाचा प्रभाव आहे? नवोदितांना काय सांगाल? पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं, 'माहीत नाही.' दुसऱ्याला तिघांनी एकमेकांकडे बघितलं. स्टेजवर जी मुलं छपराला भोकं पाडतील इतकं ओरडत, ती माइकपुढे लग्नात आलेल्या चुलत भावांसारखी भिंतीला चिकटून उभी. अकराही प्रश्न चार मिनिटांत संपले. पुढचं गाणं लावलेलं नव्हतं. घरी पाहुणे आले की जे तोंडातून निघतं तेच माझ्या तोंडातून निघालं: बरं, प्रवास कसा झाला?

ते नदीपलीकडून आले होते, फार तर तीन मैलांवरून. पण ड्रमरच्या काकाची गाडी पुलावर बंद पडली होती, पोलिसाने ती ढकलायला मदत केली होती, आणि पोलिसाविरुद्ध लिहिलेलं त्यांचं गाणं तेव्हा गाडीतल्या टेपवर चालू होतं. हे सांगताना तिघं एकदम बोलायला लागले. वीस मिनिटं गेली. तेव्हापासून मी प्रश्न लिहून नेणं सोडलं.

पुढच्या तीन वर्षांत साठेक बँड त्या तळघरात आले असतील, आणि प्रत्येकाला मी तोच प्रश्न पहिला विचारला. त्यांचं सगळं आयुष्य गाडीभोवती फिरत होतं. मोठ्या कंपन्या यांना विचारत नव्हत्या. रेकॉर्ड स्वतः काढायची, पाकिटं स्वतः चिकटवायची, पाकिटामागे घरचाच पत्ता छापायचा, त्या पत्त्यावर आलेल्या पत्रांतून कुठल्या गावात कोण कार्यक्रम ठेवेल ते शोधायचं, आणि मग जुनी व्हॅन घेऊन निघायचं. वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड या कंपनीची सुरुवातीची पाकिटं तिथल्या मुलांनी हाताने कापून, दुमडून केली होती. रात्रीची कमाई पेट्रोलात जाई. झोपायला कार्यक्रमाला आलेल्या कुणाच्या तरी घरची जमीन. एका बासवादक मुलीने मला सांगितलं होतं, की ती कुठल्याही गावात आधी लायब्ररी शोधते, कारण तिथे हीटर आणि स्वच्छ बाथरूम फुकट असतं. त्या जगात मुली फार थोड्या होत्या. तिने माझ्या कानांकडे बघितलं आणि आपल्या खिशातले फोमचे बोळे काढून दिले. 'बोस्टनमध्ये राहतेस आणि बोळे नाहीत?' तिचा रोख मला कळला. मिशन ऑफ बर्मा हा बोस्टनचा सगळ्यात हुशार बँड मी पोचण्याआधी पाच महिने, मार्च १९८३ मध्ये बंद पडला होता. भांडणाने नाही. गिटार वाजवणारा रॉजर मिलर याच्या कानांत सतत आवाज घुमायला लागला होता. शेवटी तो बंदुकीच्या सरावाला घालतात तसले कर्णरक्षक घालून वाजवायचा. एकोणीस वर्षांनी, २००२ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, पण आमच्या काळात त्यांचं नाव अकाली गेलेल्या माणसासारखं घेतलं जाई. माझ्या डाव्या कानात आज जो बारीक सूर वाजतो त्याचा दोष मी कुणालाच देत नाही, बोळे मी उशिरा घालायला लागले.

तळघरांचं आणि या संगीताचं काय नातं होतं कोण जाणे. आमचं स्टेशन तळघरात, आणि बोस्टनमध्ये गाणं ऐकायची मुख्य जागा, केनमोर चौकातलं रॅथस्केलर, सगळे त्याला 'रॅट' म्हणत, तेही तळघरात. अरुंद जिन्याने जाडजूड अँप्लिफायर उतरवायचे. सामान उतरवू लागायला मी इतक्यांदा गेले, की जिन्याचं वळण पाठीला पाठ झालं. द पोलीस हा ब्रिटिश बँड १९७८ मध्ये पहिल्या अमेरिका दौऱ्यात याच तळघरात वाजवून गेला होता. आणि मार्च १९८० मध्ये तोच बँड मुंबईला धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला, टाइम अँड टॅलेंट्स क्लब या बायकांच्या संस्थेने मदतनिधीसाठी बोलावलं होतं. रॅटमध्ये मी हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नसे. मुंबईत सांगितलं की रॅट कुणाला माहीत नसे. रॅट १९९७ मध्ये बंद झालं, आज त्या जागी मोठं हॉटेल आहे.

रविवारी दुपारी लहान मुलांसाठी वेगळे कार्यक्रम असत. त्यांच्या हातांवर काळ्या मार्करने मोठी फुली. ही पद्धत वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या पोरसवदा बँडने १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आणली: फुली म्हणजे याला दारू देऊ नका. पुढे पोरांनी ती फुली अभिमानाने मिरवायला सुरुवात केली, दारू नाही, सिगारेट नाही, आणि बोस्टनमध्ये या निर्व्यसनी मंडळींचा दरारा होता. मिरजेला पत्रात मी हे ठळक अक्षरात लिहिलं. आईचा जीव भांड्यात पडला. ही मुलं एकमेकांच्या डोक्यावर उड्या मारतात हे लिहिलं नाही.

एका गिटारवाल्याने उलट मलाच विचारलं होतं, तुमच्या गावात काय वाजवतात? मी म्हटलं, वाजवतात कमी, बनवतात जास्त. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते वाळवतात, कापतात, त्याचा तंबोरा करतात. त्याने पुढचा अर्धा तास भोपळ्याची जाडी, कीड, वास, फुटला तर काय, एवढंच विचारलं. त्याच्या बँडबद्दल एक अक्षर बोलणं झालं नाही. ती मुलाखत मला अजूनही सगळ्यात चांगली वाटते.

अण्णा दर पत्रात लिहीत, 'तुझा आवाज ऐकायचा आहे, कॅसेट पाठव.' त्यांनी आगारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी अमेरिकन आकाशवाणीत आहे. मी टाळत होते. शेवटी १९८५ च्या सप्टेंबरात ओहायोचा एक बँड आला, क्लीव्हलँडहून. हजारेक किलोमीटर आले होते. चौघं पहाटे माझ्याच घरी झोपले, म्हणजे माझ्या आणि रूममेटच्या खोल्यांमधल्या बोळात. सकाळी घरात दुसरं काही नव्हतं म्हणून मी मऊ भात केला, तूप, मेतकूट, लिंबाचं लोणचं. गायकाने मेतकुटाच्या डब्याचा वास घेतला, दोन चमचे नुसतंच खाल्लं आणि ठसका लागून पिवळा धूर काढला. ड्रमर तीनदा भात घेऊन शांत बसला. दौऱ्यावर निघाल्यापासून गरम जेवण ते पहिलंच, असं तो म्हणाला. ते निघाले तेव्हा मी खाली त्यांची व्हॅन बघायला गेले. फोर्डची इकोनोलाइन, रंग कुठला ते सांगता येणार नाही. मागची बाकडी काढलेली, तिथे अँप्लिफायर, त्यावर फळी, फळीवर गादी. गादी आणि छप्पर यांत हातभर जागा. तिथे एक जण आडवा होऊन झोपायचा, बाकीचे पुढे.

त्या रात्रीच्या गप्पा मी टेप केल्या होत्या. माझा प्रश्न, आणि मग ड्रमर सांगतोय, की ओहायो सोडल्यापासून गाडीच्या मागून आवाज येतोय. कसला, म्हणून मी विचारलं, तर त्याने माइकला तोंड लावून तो काढून दाखवला: घर्रर्र, वेग वाढवला की बारीक घरंरंर, डावीकडे वळलं की बंद. ड्रमरच तो, तालासकट काढला. पुढे त्यांची दोन गाणी. शिव्या नव्हत्या, मी दोनदा तपासलं होतं. कॅसेट मिरजेला गेली.

उत्तर नोव्हेंबरात आलं. 'चि. सौ. कां.'ने सुरुवात, आशीर्वाद, पावसाची हकिगत, आणि मग: तुझे उच्चार स्पष्ट आहेत. गाणं ऐकलं, पोरांना घशाचा त्रास होईल. तिसऱ्या परिच्छेदापासून पत्र माझ्यासाठी नव्हतंच. 'त्या मुलाला सांग, वळणावर आवाज थांबतो म्हणजे मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं आहे. डावीकडे वळताना भार उजवीकडे जातो, म्हणून ज्याचा भार सुटतो ते बघावे, डावे. लांबचा पल्ला करू नये. अ‍ॅक्सलवर जाते.' इंग्रजी अण्णांना बेताचंच. पण घर्रर्रला भाषांतर लागत नाही. मी पत्र वाचून खूप हसले, रूममेटला वाचून दाखवलं, आणि पुस्तकात ठेवून दिलं.

नाताळात अमेरिकन मुलं घरी जातात आणि पाळ्या परदेशी मुलांच्या गळ्यात पडतात. त्या आठवड्यात मी चार रात्री तळघरात होते. मिनटमेन हा कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रो बंदराचा तिघांचा बँड, मी त्यांना कधी भेटले नाही, पण त्यांची 'डबल निकल्स ऑन द डाइम' ही १९८४ ची दोन तबकड्यांची रेकॉर्ड माझ्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त वाजली असेल. गाणी छोटी, पण त्यांना श्वास होता, त्या संगीतात मला पहिल्यांदा मोकळी जागा सापडली ती तिथे. तिचं नावही गाडीचंच. ट्रकवाल्यांच्या बोलीत डबल निकल्स म्हणजे ताशी ५५ मैल, तेव्हाची सरकारी वेगमर्यादा, आणि डाइम म्हणजे १० नंबरचा महामार्ग. पाकिटावर बासवादक माइक वॉट गाडी चालवतोय, काटा बरोब्बर ५५ वर. कुणा मोठ्या गायकाने गाणं केलं होतं, की मला ५५ ने गाडी चालवणं जमत नाही. यांचं म्हणणं, गाडी आम्ही कायद्याने चालवू, गाणी मात्र हवी तशी करू.

त्यांचा गिटारवादक आणि गायक डी. बून २२ डिसेंबर १९८५ ला अ‍ॅरिझोनात गेला. वय २७. ताप होता, म्हणून व्हॅनमध्ये मागे आडवा झोपला होता, पट्टा नव्हता. मागचा अ‍ॅक्सल तुटला, गाडी रस्ता सोडून गेली आणि तो बाहेर फेकला गेला. स्टेशनवर हे कुणीतरी फोनवरून सांगितलं. मी माइकवर सांगायचा प्रयत्न केला, दोन वाक्यं झाली आणि चारही बाजू एकामागून एक लावून दिल्या. मधे फोन येत राहिले. बहुतेक जण काही बोलत नव्हते, फक्त ऐकतोय असं कळवून ठेवत होते.

पहाटे घरी आल्यावर पुस्तकातून अण्णांचं पत्र काढलं. ओहायोच्या रेकॉर्डच्या पाकिटामागे पत्ता होता. पोस्टकार्डावर मी डावं चाक, बेअरिंग, अ‍ॅक्सल एवढं इंग्रजीत लिहिलं आणि माझे वडील तीस वर्षं बस दुरुस्त करतात हेही लिहिलं, म्हणजे ते हसण्यावारी नेणार नाहीत. उत्तर आलं नाही. त्यानंतर काही महिने मी बँडना तो प्रश्न विचारला नाही. गाणी कशी सुचतात वगैरे विचारत राहिले आणि 'माहीत नाही' ऐकत राहिले.

पुढच्या वसंतात क्लीव्हलँडचीच दुसरी पोरं आली. त्यांच्याकडून कळलं, की तो बँड मोडला, गायक कॉलेजात परतला, आणि व्हॅन ड्रमरच्या बापाने कुणा रंगाऱ्याला विकली. बेअरिंगचं त्यांना काही माहीत नव्हतं.

१९८७ मध्ये मी मिरजेला गेले. स्टेशनवरून टांग्यात बसल्या बसल्या अण्णांनी विचारलं, 'ती पोरं पोचली का?' मी म्हटलं, पोचली. घरी टेपरेकॉर्डरजवळ माझी कॅसेट होती, वर त्यांच्या अक्षरात 'संतवाणी, भीमसेन, सांगली केंद्र'. कोरी कॅसेट मिळेना, आणि माझी पाठ झाली होती, असं ते जरा ओशाळून म्हणाले. संध्याकाळी त्यांनी ती लावली. अभंग संपला, टाळ्या सुरू झाल्या, त्या अर्ध्यावर तुटल्या, खट्ट असा आवाज झाला, आणि ओहायोचा तो मुलगा आमच्या माजघरात म्हणाला, घर्रर्र.